मॅडमच्या वहीतली माझी खोटी दुपार

इक्बालमामूंचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी पुण्यात हॉस्टेलच्या मेसमध्ये पोहे खात होते. मंगळवार होता. मेसेज अर्ध्या मिनिटाचा, आणि सुरुवातीला त्यात मामूंचा आवाजच नाही, नुसती कापड विणणाऱ्या लूमची खडखड. ती मी इतकी वर्षं ऐकलीय की मला तो आवाज वाटतच नाही, हवा वाटते. मग ती खडखड पातळ होत गेली. एक लूम थांबला, मग दुसरा, मग तिसरा… शेवटी काहीच नाही. भिवंडीतला त्यांचा कारखाना फक्त शुक्रवारी बंद असतो. मंगळवारी ती शांतता कानात आली आणि मामू बोलायच्या आधीच मला कळलं. "नफी गेली बेटा," ते म्हणाले. "फजरच्या वेळी, पहाटे झोपेतच. संध्याकाळी, असरच्या नमाजानंतर दफन आहे. येतेस का?"

नफी म्हणजे नफिसा मॅडम. भिवंडीत आमच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवायच्या. इक्बालमामू त्यांचे थोरले भाऊ, लूमचा कारखाना तेच बघतात. लग्न मॅडमनी केलं नव्हतं, त्या भावाच्याच घरी राहायच्या. मी मनीषा, त्यांची विद्यार्थिनी. मॅडमना जाऊन आता सात आठवडे झालेत. लिहायला बसलेय कारण त्यांच्याबद्दल मला सगळ्यांना सांगायचंय, अगदी रस्त्यावरच्या माणसाला थांबवून सांगावंसं वाटतं. आणि दुसरं कारण असं की एक गोष्ट मी त्यांनाच सांगितली नाही. त्यांच्या वहीत एक दुपार मी खोटी लिहिली होती. त्यांना सगळ्यात जास्त आवडलेली दुपार तीच. पण आधी बाकीचं सांगते, नाहीतर ते काही कळायचं नाही.

आमचा पाडा अंबाडीच्या पुढे, वज्रेश्वरीच्या रस्त्याला. बा गोडाऊनला हमालीला जातो, पावसाळ्यात घरचा भात. मी बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा आये म्हणाली, "बेडूक तं आपल्या शेतात बी हाय. त्याला बघाया कालेजात कशाला जायाला पायजे?" आणि गंमत म्हणजे पहिल्याच आठवड्यात मॅडमनी वर्गात विचारलं, बेडकाची अंडी कुणी बघितलीत? शहरातली पोरं नाकं मुरडायला लागली. मी हात वर केला. म्हटलं, आमच्या खाचरात असतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, मध्ये काळा ठिपका. मॅडम खुर्चीतून उठल्याच. "तुझी एस.टी. किती वाजता येते?" त्यांनी विचारलं. नाव नंतर विचारलं.

पुढच्या शुक्रवारी पहाटे मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात खाचरातलं पाणी आणि अंडी घेऊन निघाले. मॅडमनी पत्ता दिला होता तो कारखान्याचा. मागच्या बाजूला एक खोली, पूर्वी तिथे सुताची पोती ठेवायचे. आता एक टेबल, दोन स्टूल, कॉलेजने काढून टाकलेला मायक्रोस्कोप, भिंतीत फळी आणि फळीवर वह्या. मी विचारलं, मॅडम, शुक्रवारच का? त्या म्हणाल्या, "बाकीचे सहा दिवस माझ्या भावाचे छत्तीस लूम हे टेबल नाचवतात. बशीतल्या पाण्यावर वर्तुळं उठतात. शुक्रवारी तेवढं पाणी झोपतं." मग त्यांनी अंडी बशीत सोडली, खाली आरसा फिरवून खिडकीतला उजेड वर घेतला आणि मला म्हणाल्या, बघ.

मी काय बघितलं ते नीट सांगता येईल का, माहीत नाही. एक पिवळट गोल उजेड. त्यात जेलीच्या आत झोपलेला एक स्वल्पविराम. डोकं अजून डोकं नाही, शेपूट अजून शेपूट नाही. पाठीवर मात्र, मानेपासून खाली, बारीक बारीक रेघा. अगदी पुसट. दोन रेघांमध्ये एक कप्पा. "मोज," मॅडम म्हणाल्या. सहा होते. "आता बघत राहा." मी बघत राहिले. बाहेर कुठेतरी अजान झाली, एक रिक्षा गेली, खोलीत सुताचा जुना वास होता, आणि माझं सगळं अंग त्या गोल उजेडात उतरलं होतं. काही हलत नव्हतं. मी पापणी लववली… आणि सात होते. रेघ येताना दिसत नाही. ती आधी नसते, मग असते. पुढची वीसेक मिनिटांनी. मग त्याच्या पुढची, तेवढ्याच वेळाने. मानेकडून शेपटीकडे, एकेक, कुणी आतून मोजून कापतंय तसं. मी मॅडमना म्हटलं, आत घड्याळ आहे काय? त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. "हेच शोधायला माणसांना किती वर्षं लागली ठाऊक आहे?"

तर हे कप्पे म्हणजे सोमाइट. आपल्या पाठीच्या कण्याचे मणके, पाठीचे स्नायू, सगळं या कप्प्यांतून होतं. बेडकाचं तसं, कोंबडीचं तसं, आपलंही तसंच. आणि घड्याळ खरंच आहे. मॅडम ते शिकवायच्या तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही पुढे येऊन बसायची. "समजा, जीन म्हणजे एका घरातली सून," त्या म्हणायच्या. "ती उठते, भांडी वाजवायला लागते. त्या आवाजाने सासू जागी होते. सासू म्हणजे त्याच जीनने बनवलेलं प्रोटीन. सासू येऊन सुनेला गप्प करते. घर शांत झालं की सासूला परत झोप लागते. सासू झोपली की सून परत उठते. भांडी, शांतता, भांडी, शांतता. प्रत्येक पेशीत हाच संसार, आणि शेजारच्या घरातल्या सुना एकमेकींचं ऐकून एकाच वेळी भांडी वाजवतात." कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, आणि नवरा?" "नवऱ्याची यात काही गरज नाही," मॅडम म्हणायच्या, आणि पुढे जायच्या.

पण नुसत्या तालाने कप्पा कापला जात नाही. शेपटीच्या टोकाकडून एक रसायन सुटत असतं, मॅडम त्याला धुकं म्हणायच्या. अंग लांब होत जातं तसं शेपूट दूर जाते आणि धुकं तिच्याबरोबर मागे सरकतं. धुकं विरळ झालं आणि त्याच वेळी तालाचा ठोका पडला, की तिथे एक कप्पा ठरला. हे त्यांनी मला कारखान्यात, चालू लूमपाशी उभं करून, ओरडून समजावलं होतं, कारण दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. "हा धोटा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो, ताल देतो. तो रोल कापड पुढे ओढतो. धोटा तेवढाच ठेवलास आणि रोल जोरात ओढलास तर पट्टा रुंद होईल. दोघं आपापलं काम करतात, एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि कापड नीट होतं." मामू पलीकडून म्हणाले, "माझ्या कारखान्यात बेडूक विणू नको, नफी." मॅडम म्हणाल्या, "भाई, बेडूक तुमच्यापेक्षा चांगलं विणतो. कधी धागा तुटत नाही त्याचा."

तरुणपणी मॅडम मोठ्या लॅबमध्ये होत्या, दोन वर्षं. बेडकाच्या गर्भात हेच जीन कुठे पेटतात, कुठे विझतात, ते बघायचं काम. मग वडिलांना अर्धांगवायू झाला आणि त्या परत आल्या, आणि परत गेल्याच नाहीत. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? त्या बशीतलं पाणी बदलत होत्या. म्हणाल्या, "जीन मला इथे दिसणार नाहीत, बेटा. ती मशीन माझ्याकडे नाहीत. पण जीन जे घड्याळ चालवतात त्याचे ठोके तर मी मोजू शकते ना? ठोक्यांना डोळे आणि एक घड्याळ पुरतं." आणि त्या मोजत राहिल्या. दर पावसाळ्यात, दर शुक्रवारी, अकरा वह्या. कुठला कप्पा किती वाजता, पाणी किती गरम. बास, एवढंच. कुणी मागितलं नव्हतं.

बाराव्या वहीचं कारण मात्र वज्रेश्वरी. मॅडमना एक प्रश्न पडला होता आणि तो त्यांना कित्येक वर्षं सोडत नव्हता. गर्भाला थोडा वेळ गरम पाण्याचा धक्का दिला, की लगेच काही बिघडत नाही, हे आधीच्या लोकांनी बघून ठेवलंय. पुढचे काही कप्पे नीट येतात, कारण ते आधीच ठरलेले असतात, फक्त दिसायचे बाकी असतात. मग चारेक कप्प्यांनंतर एक पट्टा येतो, सगळा विस्कटलेला, रेघा वाकड्या, अर्धवट. आणि मग परत नीट. मॅडमचा प्रश्न असा, की तो विस्कटलेला पट्टा येत असताना आतलं घड्याळ काय करत असतं? थांबतं, आणि नंतर परत सुरू होतं? की ते चालूच असतं, फक्त कापणारा हात चुकत असतो? उत्तर मिळायचं तर विस्कटलेल्या भागातली प्रत्येक रेघ किती वाजता आली, ते डोळ्यांनी बघून लिहायला पाहिजे. एकही न चुकवता.

धक्का द्यायला एकसारखं गरम पाणी लागतं. गॅसवर ते वर-खाली होतं, कॉलेजचं पाणी गरम ठेवायचं यंत्र, वॉटर बाथ, बिघडलेलं, आणि भिवंडीत वीज कधी जाईल याचा नेम नाही. मीच म्हटलं, मॅडम, आमच्याकडे आहे की गरम पाणी, जमिनीतूनच येतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना लॅब भेट दिली. पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघी गरम पाण्याच्या कुंडांवर. मॅडम पंजाबी ड्रेसवर पांढरा दुपट्टा डोक्यावरून घेतलेल्या, हातात थर्मामीटर. कुंडात नाही हां, कुंडातून बाहेर वाहून जाणाऱ्या चरात. तिथे वर जास्त गरम, खाली खाली कमी, पावलापावलाने फरक. "हे बघ, देवीचा वॉटर बाथ," मॅडम म्हणाल्या. "वीज जात नाही याची." अंगाला पाणी लावून घेत बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "डब्यात काय हाय?" मॅडम म्हणाल्या, "बेडकाची अंडी." बाई म्हणाल्या, "त्यांना कशाला आनलं इथं?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कशासाठी आलात?" "पाठ दुखते गं बाय." "त्यांचं पण पाठीचंच आहे," मॅडम म्हणाल्या, अजिबात न हसता. बाईंनी सरकून जागा दिली.

पहिल्या वर्षी आम्ही चर चुकलो आणि सगळी अंडी उकडली. मॅडम परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या वर्षी चर बरोबर सापडला, पण परत येताना अंबाडीच्या नाक्यावर ट्रकांची अशी रांग की कारखान्यात पोचेपर्यंत विस्कटलेला पट्टा येऊन गेला होता. दिसत होता, पण कुठली रेघ किती वाजता, ते गेलं. मॅडम म्हणाल्या, "बेडूक आपल्यासाठी थांबणार आहे का?" तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या श्रावणात, मॅडमचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा, आणि हॉस्पिटलने एक वार शुक्रवारच दिला. त्या खूप भांडल्या, वार बदलून मिळाला नाही. मला म्हणाल्या, "तू एकटी करशील?" मी म्हटलं, करीन की.

आणि मी केलं सगळं. पहाटे खाचर, मग चर, मोजून पंधरा मिनिटं, मग मोठ्या बसच्या आधीच्या जीपने भिवंडी. बारा वाजता मी टेबलाशी होते. शुक्रवार, लूम बंद, पाणी झोपलेलं. पहिले दोन नीट कप्पे मी बघितले, वेळ लिहिली. मग फोन थरथरला. पुण्याच्या एम.एस्सी. प्रवेशाचा रिझल्ट होता, माझं नाव यादीत होतं. मी उठून दारात गेले. बाला लावला, तो गोडाऊनला होता, नीट ऐकू येईना, परत लावला. आयेला शेजारच्यांच्या फोनवर. मग मैत्रिणी. मग ग्रुपवर. माझं असंच आहे, काही झालं की सगळ्यांना सांगितल्याशिवाय मला श्वास येत नाही. दारात उभी राहून मी हसत होते, रडत होते, टाइप करत होते. परत स्टूलवर बसले तेव्हा घड्याळात पाहिलं. सव्वादोन तास गेले होते. बशीत विस्कटलेला पट्टा येऊन गेला होता, आणि त्याच्या मागे परत एक नीट कप्पा.

मी आधीच्या दोन कप्प्यांच्या वेळा परत बघितल्या. मग पेन घेतलं. मागे मोजत गेले आणि प्रत्येक रेघेला वेळ दिली. एकवीस-एकवीस मिनिटांनी. एक मुद्दाम बावीसची केली, खरी वाटावी म्हणून.

मॅडम साडेपाचला आल्या, हाताला पट्टी, चेहरा कागदासारखा. स्टूलवर बसून त्यांनी पान वाचलं. बोटाने एकेक वेळ खाली उतरत गेल्या, परत वर, परत खाली. मग त्यांनी तळहात त्या पानावर ठेवला, जसा कुणाच्या कपाळावर ठेवतात. "ताल थांबला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बघ. डिझाइन बिघडलं, पण आत ताल चालूच होता." मग म्हणाल्या, "चहा कर. मला अर्धा कप. डॉक्टरला सांगू नको." मी चहा केला. रिझल्टचं सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि त्यांच्या ओढणीला हॉस्पिटलचा वास येत होता. तेव्हा सांगायला हवं होतं ना. मी चहाचे कप धुतले.

"तीन वेळा बघितल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही," असं त्यांनीच ठरवलं होतं. पुढच्या आषाढात परत करू, म्हणाल्या. मी मनात म्हटलं, ठीक, तेव्हा खरं लिहीन, हे पान आपोआप मागे पडेल. फेब्रुवारीत त्या गेल्या. आता तेवढं एकच पान राहिलं होतं, त्यांच्या प्रश्नाचं एकमेव उत्तर, आणि ते मी दारात फोनवर बोलत असताना घडलेलं.

दफनाच्या दिवशी मी रडले नाही. पुण्याला परत आले, प्रॅक्टिकलं केली, मेसमध्ये जोक मारले. मैत्रिणी म्हणाल्या, तू फार स्ट्राँग आहेस. चौथ्या आठवड्यात एका मंगळवारी, काही कारण नसताना, बसच्या रांगेतून बाहेर येऊन मी फुटपाथवर बसले आणि रडायला लागले. त्या वेळी मला हसूही आलं. धक्का बसतो तेव्हा काही दिसत नाही. आधीच ठरलेले कप्पे तेवढे नीट येत राहतात… मॅडमना हे सांगायला मी फोनसुद्धा काढला होता.

तोपर्यंत मी आमच्या पुण्याच्या प्रोफेसर बाईंना मॅडमच्या वह्यांबद्दल इतकं सांगून ठेवलं होतं, की त्यांनी एक दिवस म्हटलं, घेऊन ये, बघते. खाचरातल्या साध्या बेडकाच्या इतक्या वर्षांच्या नोंदी कुणाकडे नसतील, आणि त्या गरम पाण्याच्या प्रयोगाची आपल्याकडे जीन बघून नीट तपासणी करता येईल. मला आनंद व्हायला पाहिजे होता. रात्रभर एकच दिसत होतं, मॅडमच्या नावाखाली माझी एकवीस मिनिटं.

मी भिवंडीला गेले तो बुधवार होता, लूम चालू होते. मामूंनी वह्या कापडात बांधून तयार ठेवल्या होत्या. मी बारावी बाहेर काढली. मामू स्वतःच म्हणाले, "ते पान ना? नफी शेवटी-शेवटी मला दहा वेळा सांगायची. भाई, ताल थांबत नाही, फक्त डिझाइन बिघडतं थोडं. ती गेल्यावर मी हेच धरून बसलोय." आणि ते हसले. आता हे ऐकून कसं बोलायचं. पण मी बोलले. पहिल्यांदा लूममध्ये त्यांना ऐकूच गेलं नाही. परत, मोठ्याने बोलावं लागलं. ओरडून सांगितलं मी, मामू, ते खोटं आहे, मी बघितलंच नव्हतं, मी फोनवर होते, ते मी मनाने लिहिलं.

मामूंनी माझ्याकडे बघितलं नाही. ते उठून कारखान्यात गेले. मी खोलीत एकटी. बशी पालथी ठेवलेली, टेबल थरथरत होतं. मी पान फाडायला दोन बोटांत धरलं होतं. मामू दारात आले. "काय करतेस?"

"फाडते. नसलेलं बरं."

"हात काढ." ते आत आले. डोळे लाल होते, आवाज मात्र नेहमीचाच, माल बघताना असतो तसा. "कापडाचा तागा तपासताना दोष सापडला तर आम्ही कापतो का? कापला तर एका ताग्याचे दोन तुकडे होतात, आणि घेणाऱ्याला वाटतं, इथे काय लपवलं? दोष असतो तिथे काठाला रंगीत धागा बांधतात. म्हणजे घेणारा तिथे थांबतो, बघतो, काय ते समजतो. बाकीचं कापड त्याचं त्याला मिळतं." त्यांच्या मुठीत लाल सुताचा तुकडा होता. तोच आणायला गेले होते की रडायला, की दोन्हीला, मी विचारलं नाही. "एकच पान आहे का?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे, आहे असं वाटत होतं. मामू म्हणाले, "मग बघ ना. तपासणारा 'असं वाटतं' म्हणून पास करत नाही." मग मी संध्याकाळपर्यंत माझ्या अक्षरातलं प्रत्येक पान बघितलं, चार पावसाळ्यांचं. मग जुन्या वह्याही चाळल्या, तिथे सगळं मॅडमचं अक्षर होतं, आणि त्यात मी कधी नीट न वाचलेल्या ओळी. 'वीज गेली. एक कप्पा बघितला नाही.' 'अब्बांना औषध द्यायला उठले. दोन चुकले.' 'डोळा लागला. किती चुकले माहीत नाही.' एक नाही, कितीतरी. एके ठिकाणी नुसतंच, 'भांडण झालं घरात. आज मन नव्हतं. या पानावर विश्वास ठेवू नये.' असं लिहायचं असतं हे मला त्यांच्या टेबलाशी चार वर्षं बसून दिसलं नव्हतं. दारातून परत आले त्या दुपारी मला एक ओळ लिहायची होती, एवढंच होतं ते.

"नफी असती तर ओरडली असती तुला," मामू म्हणाले.

"ओरडल्या असत्या?"

"नाही. परत मोजायला बसवलं असतं."

खोटं पान एकच निघालं. मी त्याच्या खाली खरं काय झालं ते लिहिलं, किती वाजता उठले, किती वाजता बसले, सही केली. पानाच्या कडेला सुईने भोक मामूंनी पाडलं आणि गाठ त्यांनीच मारली, बिनचूक, एका बोटाने दाबून, ताग्याला मारतात तशी. मग ते म्हणाले, "आता ताल थांबतो की नाही, ते कुणालाच ठाऊक नाही तर." मी म्हटलं, नाही मामू. ते म्हणाले, "बरं," आणि वही माझ्या हातात दिली.

प्रोफेसर बाईंनी वह्या उघडल्या तेव्हा पहिल्यांदा तेच पान उघडलं, धाग्यामुळे. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. मला वाटत होतं त्या आता बाकीच्या अकरा वह्याही मिटून बाजूला ठेवतील. त्या पहिल्या वहीकडे वळल्या आणि वाचायला लागल्या, आणि मला स्टूल ओढून बसायला सांगितलं.

आता वह्या आमच्या लॅबच्या कपाटात आहेत, काचेच्या मागे. अकरा सारख्या दिसतात. बाराव्या वहीतून तो धागा दोन बोटं बाहेर लोंबतो, कुणी कपाट उघडलं की वाऱ्याने जरासा हलतो. लॅबमध्ये येणारी पोरं विचारतात, हे काय आहे? काहीजण नीटनेटकं करायला म्हणून तो आत सारतात. मी कपाटापाशी गेले की परत बाहेर काढते.